थांबायचे कोणी?

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. मराठी माणूस माळव्यात आला तो त्यांच्या पाठोपाठ, आणि पुढे आग्रा-मुंबई रस्त्याने त्याची ये-जा चालू राहिली. तोच रस्ता आज मोठा महामार्ग झाला आहे. जून २०२५ च्या अखेरीस इंदूर-देवास मार्गावर अर्जुन बडोदा गावाजवळ उड्डाणपुलाचे काम चालू होते. वाहने बाजूच्या अरुंद रस्त्याने वळविली होती. पाऊस आला, खड्डे भरले आणि सुमारे आठ किलोमीटरपर्यंत वाहने तुंबली. एक दिवसाहून अधिक काळ कोंडी सुटली नाही. तीन माणसे दगावली. रुग्णाला वेळेवर दवाखाना गाठता आला नाही, असे नातलगांनी सांगितले.

प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. तेथे महामार्ग प्राधिकरणाच्या बाजूने असा सवाल आला की, लोक कामावाचून इतक्या लवकर घराबाहेर पडतातच कशाला? टीका झाल्यावर, हे आमचे मत नव्हे, असे प्राधिकरणाने सांगितले.

या सवालाचा राग येणे योग्यच आहे. पवित्र शास्त्र रस्ता करणाऱ्याला इतक्या सहज सोडत नाही. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात शरणपुरांची व्यवस्था आहे. तेथे देव नुसती नगरे नेमून थांबत नाही, तर तेथवर जाणारा रस्ताही तयार करायला सांगतो. कारण जीव मुठीत धरून धावणारा मनुष्य वाटेतच गाठला गेला तर नगराचा उपयोग काय? २२ व्या अध्यायात घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला तर त्याचे रक्त घरधन्यावर येते. धार जिल्ह्यातील गणेश घाटात ब्रेक निकामी होऊन किती वाहने आदळली! तेथे कमी उताराचा नवा मार्ग २०२४ च्या अखेरीस खुला झाला. कठडा उशिरा बांधला गेला, पण बांधला गेला.

परंतु सारा दोष बांधणाऱ्याचाच असतो काय? जपानमधील संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालविण्यास सांगितले. खड्डा नाही, सिग्नल नाही, कोणी आडवा आला नाही. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली! एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने जरा अधिक, त्याच्या मागच्याने त्याहून अधिक, आणि शेवटी कोणीतरी थांबलाच. गुन्हेगार एकही नाही. आपण मंडळीत पापांची मोजदाद माणसामाणसाने करतो: चोरी याची, लबाडी त्याची. जे सर्वांकडून थोडेथोडे घडते ते कबुलीच्या प्रार्थनेत क्वचितच येते.

अमेरिकेतील शिकागो येथे १९६३ पासून द्रुतमार्गाच्या तोंडाशी वाहने रोखून थोडीथोडी आत सोडू लागले. मिनेसोटा राज्यात अशा सिग्नलांविरुद्ध लोकांची ओरड झाली, म्हणून २००० साली सुमारे ४३० सिग्नल आठ आठवडे बंद ठेवून पाहिले. अपघात सुमारे चतुर्थांशाने वाढले, आणि रस्त्यावरून पार होणारी वाहने सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. म्हणजे थांबविल्यानेच अधिक लोक पुढे जात होते.

मग ओरड करणारे चुकले काय? माझ्या मते अर्धेच चुकले. तोंडाशी थांबतो एक, आणि वाट मोकळी मिळते दुसऱ्याला, जो दूरच्या उपनगरातून आधीच आत शिरलेला असतो. ही तक्रार खोटी नव्हती. म्हणून सिग्नल पुन्हा लावले तेव्हा स्थानिक तोंडाशी कोणालाही चार मिनिटांहून अधिक थांबवू नये असा नियम केला. मला त्या नऊ टक्क्यांपेक्षा ही चार मिनिटे मोलाची वाटतात. थांबणाऱ्याचीही कोणी मोजदाद ठेवली!

करिंथच्या मंडळीत हाच घोळ होता. आधी पोहोचलेले जेवून घेत, आणि काही भुकेले राहत. पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितले. हे सांगणे आधी आलेल्यांना होते, भुकेल्यांना नव्हे, हे उपदेश करताना आपण विसरतो. देवासच्या त्या बाजूच्या रस्त्यावर दुचाकीवाल्याला व ट्रॅक्टरवाल्याला धीर धरा म्हणणे सोपे आहे. ज्याची गाडी मोठी, हॉर्न मोठा आणि ओळख मोठी, तो उलट्या बाजूने घुसतो, आणि त्याच्यामागे दहाजण घुसून समोरून येणारी वाटही बंद करतात. त्यात रुग्णवाहिकेचीही वाट असते. धीराचा पाठ आधी त्याला द्यायला हवा.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी हे मंदिराच्या अंगणात करून पाहावे. वीसेक मुलांना वर्तुळात, एकामागे एक, सारख्या पावलांनी चालू द्यावे. खोळंबा झाला की थांबलेल्या मुलाला विचारावे, तू का थांबलास? तो पुढच्याकडे बोट दाखवील. मग त्या पुढच्यालाही तेच विचारावे.