हजेरीची नक्कल

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कुणाला काय सापडेल, सांगता येत नाही. हडपसर गावठाणातल्या एका गणेश मंडळाचा खजिनदार तिथे स्कूटरचा आरसा शोधायला गेला आणि त्याला स्वतःच्या मंडळाचं नाव दिसलं. ताडपत्रीवर झाकण नसलेला कुकर, चार्जरचा गुंता, एका पायाचे बूट आणि शेजारी घडी घातलेली तीन करडी ब्लँकेटं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत मंडळाचं नाव, त्याखाली 'सामाजिक उपक्रम' आणि साल.

"नवीकोरी आहेत, साहेब," विकणारा म्हणाला. "एक दीडशेला. दोन घेतली तर अडीचशे."

ब्लँकेटं वाटून महिनाही झाला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्यावर फूटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून रात्री डंपर गेला. अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसं होती ती. तिघांचा जीव गेला, त्यांत दोन लहान मुलं. शहर आठवडाभर हळहळलं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन झालं, दोन दिवसांत पैसे जमले आणि सोलापूर रस्त्याच्या पुलाखाली राहणाऱ्या पारध्यांच्या कुटुंबांना ब्लँकेटं वाटली गेली. फोटो निघाले. डंपरपुढे ब्लँकेट काय करणार, हा प्रश्न त्या गडबडीत कुणालाच सुचला नाही.

खजिनदारानं जुन्या बाजारातला फोटो ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत निकालही लागला. या लोकांना द्यायचंच नाही. दिलेलं विकून खातात. अध्यक्ष तेवढे म्हणाले, "आधी विचारून तरी या." बरोबर अण्णांना धाडलं, कारण अण्णांचा आवाज कधी चढत नाही. अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आवाज न चढवता माणसाला परत पाठवायचं कसब त्यांनी आयुष्यभर कमावलं होतं.

पुलाखाली प्रजासत्ताक दिनाची तयारी चालली होती. एक म्हातारी डालड्याच्या डब्यात शिजवलेली खळ बोटानं काडीला लावत होती, त्यावर कागदी तिरंगा गुंडाळत होती आणि तयार झेंडा विटांच्या फटीत खोचत होती. तिची नात, तेरा-चौदा वर्षांची, झेंडे मोजून पन्नासाची जुडी बांधत होती. २६ जानेवारीला तीन दिवस होते.

"आजी, आम्ही दिलेली ब्लँकेटं तुम्ही विकलीत?" खजिनदारानं विचारलं.

"इकली," म्हातारी काम न थांबवता म्हणाली. "तीन इकली. दोन हायती."

"अहो, पण थंडीसाठी दिली होती ना?"

"थंडी एकलीच हाय का, दादा? अतिक्रमणवाल्यांची गाडी येती. भांडं, चादर, पोरांची दप्तरं, समदं उचलून टाकती. सोडवाया गेलं की पैशे भरा म्हनत्यात. औंदा पाच जागची ब्लँकेटं आली. ठिवायची कुठं? गाडीत जाण्यापरीस बाजारात ग्येल्याली बरी. पोरीच्या वह्या आल्या त्यात."

खजिनदार गप्प बसला. ज्याला कपाट आहे त्यालाच पाच ब्लँकेटं परवडतात, हा हिशोब त्याच्या वहीत नव्हता.

अण्णांनी विचारलं, "मग आजी, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

म्हातारीनं हात पदराला पुसले, गाठोड्यातून दुधाची धुतलेली पिशवी काढली आणि त्यातला एक कागद पुढे केला. नात महापालिकेच्या शाळेत सातवीत होती. आठवीपासून आदिवासी मुलींच्या वसतिगृहात जाता येतं, असं तिच्या बाईंनी सांगितलं म्हणून आधीच चौकशी करून पाहिली होती. अर्जावर लाल शाईत तिरका शेरा होता: 'जातीचा दाखला जोडावा.'

अण्णांनी कागद उलटसुलट पाहिला. असले शेरे त्यांनी नोकरीत शेकड्यांनी मारले होते. शेरा मारलेला कागद पुढे कुठे जातो, ते मात्र ते पहिल्यांदाच बघत होते. तो दुधाच्या पिशवीत जातो.

दाखला काढायचा म्हणजे काय, हे अण्णांना तोंडपाठ होतं. पारधी, फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. म्हणून घराणं ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुठलं आणि कोण, याचा पुरावा लागतो. शाळेत कुणी गडबडीनं 'राजपारधी' लिहिलं, तर तीच पोर विमुक्त जातीत जाते आणि पुराव्याची तारीख २१ नोव्हेंबर १९६१ होते. शिवाय दाखला पुण्यात मिळत नाही. आजा-पणजा ज्या तालुक्यात राहत होता, तिथल्या प्रांताकडे जावं लागतं. म्हातारीचं सासर बार्शी तालुक्यातलं.

आता पुरावा. पणजा शाळेत गेला नव्हता, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. जमीन नव्हती, त्यामुळे सातबारा नाही. जन्म-मृत्यू कोतवाल बुकात सापडतात, कुणबी नोंदींच्या शोधापासून हे बुक सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय. पण पारध्याचं पोर शिवाराबाहेर पालात जन्मायचं, कोतवाल तिकडे फिरकायचाच नाही. म्हणजे शेरा कायम. अण्णांची जुनी सवय तेच सांगत होती.

"गावात तुमची कसलीच नोंद नव्हती का?" त्यांनी उगाच विचारलं.

"नोंद?" म्हातारी हसली. "माजा सासरा रोज पाटलाकडं हजेरी लावायचा. दुसऱ्या गावाला जायचं तरी चिठ्ठी लागायची. एक डाव हजेरी चुकली तर फौजदार धरून घिऊन ग्येला."

अण्णा सावरून बसले.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. माणसानं काही केलेलं असो वा नसो, रजिस्टरात नाव, बोटांचे ठसे आणि हजेरी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून भटके-विमुक्त तो दिवस आपला स्वातंत्र्यदिन मानतात. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. ते योग्यच होतं, पण तितर-लाव्ह्यांना फास लावून जगणाऱ्यांनी त्यानंतर काय करावं, हे कुठल्या कलमात लिहिलेलं नव्हतं. त्यातलेच काही सिग्नलवर आले.

म्हणजे म्हाताऱ्या पारध्याचं नाव, बापाचं नाव आणि जात सरकारनं स्वतःच्या हातानं १९५० च्या आधी लिहून ठेवली होती. फक्त ती कुठल्या रुमालात बांधून पडली आहे, ते शोधायचं होतं.

मंडळाची बैठक झाली आणि खरी अडचण तिथे निघाली. अण्णांनी खर्च मांडला: बार्शीच्या फेऱ्या, म्हातारीचा बुडालेला रोज, प्रतिज्ञापत्र, नकलांची फी, जुनी नोंद मोडी लिपीत निघाली तर वाचणाऱ्याचं मानधन. ब्लँकेटांवर गेले त्याच्या निम्मेसुद्धा पैसे लागणार नव्हते.

"पण अण्णा, याची पावती कसली फाडायची?" खजिनदारानं विचारलं. "लोक ब्लँकेटाला पैसे देतात. एसटीच्या तिकिटाला कोण देणार?"

"आणि फोटो कशाचा काढायचा?" मागून एक जण. "झेरॉक्सचा?"

"ब्लँकेटवर मंडळाचं नाव टाकता येतं," अध्यक्ष म्हणाले. "त्या कागदावर कुणाचं टाकणार?"

"तिच्या सासऱ्याचं," अण्णा म्हणाले.

आपण दिलेलं चारचौघांना दिसावं, ही काही एकट्या या मंडळाची खोड नाही. देवळाच्या पायरीपासून शाळेच्या पंख्यापर्यंत आपल्याकडे नाव कोरल्याशिवाय दान पुरं होत नाही. तरी बैठक मोडली नाही, ती खानावळवाल्या काकूंमुळे. त्या सहसा बोलत नसत. "माझ्या मुलीच्या दाखल्याला मी सहा महिने हेलपाटे घातले," त्या म्हणाल्या. "मला घर होतं, नवरा होता, तरी रडू आलं होतं. माझे पाचशे लिहा. नाव नको." मग झेरॉक्सवाला म्हणाला, माझ्याकडे कागदाचे पैसे द्यायचे नाहीत. गाडीतळावरच्या एका पथारीवाल्यानं म्हातारीच्या दोन दिवसांच्या रोजाचे पैसे देऊ केले. खजिनदारानं वहीत नवं पान उघडलं आणि त्यावर शीर्षक काय लिहावं हे न सुचल्यानं नुसतीच तारीख टाकली.

असं काम नव्यानं शोधून काढायचं नव्हतं. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ पासून पारध्यांच्या आणि इतर भटक्यांच्या मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा उभी केली. चिंचवडचं पुनरुत्थान समरसता गुरुकुलम २००६ चं. दोन्ही ठिकाणं समाजाच्या मदतीवर वाढली आणि प्रभुण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे कुणी मोसमापुरती मदत केली नाही, माणसं वर्षानुवर्षं तिथेच राहिली. मंडळाला एवढं झेपणारं नव्हतं. त्यांना एक दाखला झेपणार होता.

अण्णा आणि म्हातारी बार्शीला गेले. पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. दुसऱ्या फेरीला खिडकीवरचा कारकून न चढलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, हे सापडायचं नाही." अण्णांनी ते वाक्य ओळखलं. ते तिथेच बाकावर बसले, दुपारी भाकरी खाल्ली, पुन्हा खिडकीशी गेले आणि रजिस्टर कुठल्या कपाटात असू शकेल ते कारकुनाला सांगितलं. तीस वर्षं नाही म्हणायला वापरलेली माहिती हो म्हणायलाही चालते, हे त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं.

तिसऱ्या फेरीत लाल रुमाल सुटला. कडा वाळवीनं खाल्लेलं रजिस्टर, पानांना कुबट वास. नाव, बापाचं नाव, राहणार, 'जात: फासेपारधी', उजव्या भुवईवर वण. समोर काळ्या शाईचे बोटांचे ठसे, त्यातला अंगठ्याचा जरा फिसकटलेला. शाई लावताना हात ओढला असेल. वर ठळक अक्षरांत रजिस्टरचं नाव होतं. अण्णांनी तेवढं सोडून बाकीचं वाचून दाखवलं.

"वर काय लिव्हलंय?" म्हातारीनं विचारलं.

अण्णा घुटमळले. "गुन्हेगार जमातींचं रजिस्टर."

"आन् खाली फासेपारधी लिव्हलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग झालं," ती म्हणाली. "म्हातारा जल्मभर हजेरी लावून लावून ग्येला. कायतरी उपेग झाला तिचा."

साक्षांकित नक्कल मिळाली, प्रतिज्ञापत्र झालं, चौकशी झाली आणि जूनमध्ये प्रांताच्या सहीचा दाखला हातात पडला. मुलगी आठवीला वसतिगृहात गेली. त्या वर्षी मंडळाच्या अहवालात उपक्रमाच्या पानावर फोटो नव्हता. काही सभासदांनी त्याबद्दल नाराजी नोंदवली आणि ती इतिवृत्तात आहे.

म्हातारी अजून पुलाखालीच आहे. आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे, पण घर बांधायला आधी पायाखाली जागा लागते आणि ती तिच्याकडे नाही. दाखल्याची बातमी पसरल्यावर पुलाखालच्या बाकीच्या कुटुंबांनीही आपापल्या दुधाच्या पिशव्या अण्णांपुढे ठेवल्या. श्रीगोंदा, कर्जत, करमाळा, मोहोळ, प्रत्येकाचा तालुका वेगळा. अण्णांचं वय झालंय. त्यांना बरोबरीला माणसं हवी आहेत.

तुमच्या भागातल्या पुलाखालीही अशी कुटुंबं असतील. थंडी पडली की ब्लँकेट जरूर द्या, पण शेजारी बसून आजोबांचं गाव कुठलं तेही विचारा. अर्ज भरता येणारा, कचेरीची भाषा कळणारा आणि एक दिवस त्यांच्याबरोबर त्या तालुक्याला जाऊ शकणारा माणूस तुमच्या सोसायटीत, मंडळात, निवृत्तांच्या कट्ट्यावर नक्की सापडेल. वसतिगृहांचे प्रवेश जूनच्या सुमाराला सुरू होतात आणि दाखल्याला काही महिने लागतात, त्यामुळे निघायचं तर संक्रांतीच्या आसपास निघा.