सवलत आणि पुण्य

माझ्या थोरल्या बहिणीचा नातू नोकरीनिमित्त अमेरिकेत, लास व्हेगास शहरी राहतो. परवा त्याने कळविले की, घरापुढची हिरवळ त्याने उपटून टाकली, तिच्या जागी त्या वाळवंटातलीच, थोड्या पाण्यावर जगणारी झाडेझुडपे लावली, आणि याबद्दल तिथल्या पाणीखात्याने त्यालाच उलट पैसे दिले! खाली पुस्ती जोडली होती, ''आजोबा, हे पुण्यात जमा होईल की नाही?''

थट्टाच ती. पण लाखनीकडच्या एका गावी सप्त्यात कीर्तन करताना मी ती गोष्ट श्रोत्यांना सांगितली. लोक हसले. आरती झाल्यावर एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, ''महाराज, ज्यानं गवत लावलंच नाही, त्याले का भेटते जी?'' मला काही उत्तर सुचले नाही. साठी उलटली, उमेदीची वर्षे पाठशाळेत न्याय-मीमांसा घोकण्यात गेली, आणि एका अडाणी म्हातारीने भर मंडपात कुंठित केले. तेव्हापासून हा विचार चालला आहे.

प्रथम त्या शहराची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्याला हे खुळच वाटेल. आपल्या भंडारा जिल्ह्यात वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरांवर पाऊस पडतो. तिथे पडतो जेमतेम शंभर. सारी भिस्त कोलोरॅडो नदीवर, आणि २००० सालापासून त्या नदीवरचे मोठे जलाशय खाली खाली जात आहेत. एक चौरस फूट हिरवळ काढली, तर वर्षाला सुमारे ५५ गॅलन, म्हणजे दोनशे लिटर पाणी वाचते, असा तिथल्या खात्याचा हिशेब आहे. म्हणून १९९९ पासून चौरस फुटावर मोजून ते पैसे देतात. आपल्याकडेही हा प्रकार अगदीच नवा नाही. पावसाचे पाणी जिरविणाऱ्या किंवा गांडूळखत करणाऱ्या घरमालकास पुणे महानगरपालिका मालमत्ता करात ५ ते १० टक्के सूट देते.

आता शास्त्र काय म्हणते? विहीर, तलाव, आमराई यांना आपल्याकडे 'पूर्त' म्हटले आहे. यज्ञाच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतात. कर्माचे भेदही सांगितले आहेत. काम्य कर्म फळासाठी करावयाचे. नित्य कर्माला फळ नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, मात्र लागतो. पाणी वाया न घालविणे हे कोणत्या खात्यात टाकावे? माझ्या मते नित्यात. मग नित्य कर्मावर पैसे घेणे हा दोष झाला का? कोणी कर्मठ 'होय' म्हणेल. मी म्हणत नाही. आपल्या शास्त्रकारांना माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. गुडजिह्विका न्याय त्यांनीच सांगितला : मूल कडू काढा घेत नाही, तर आधी जिभेला गूळ लावावा. सवलत म्हणजे तो गूळ. आणि आपल्या मुलखाला तो अपरिचित नाही. चांद्याचे गोंड राजे तलाव बांधणारास जमीन देत, त्या देणगीस 'तुकूम' म्हणत. कोहळी समाजाने भंडारा-गोंदियाकडे जे तलाव बांधले, ते काही केवळ परलोकावर डोळा ठेवून बांधले नाहीत. धान पिकावा, घर भरावे, हा हेतू होताच. म्हणून काय ते तलाव अपवित्र झाले?

इथवर सगळे सोपे आहे. अडचण म्हातारीची आहे. तिने अंगण शेणाने सारविले, घंघाळातले उरलेले पाणी तुळशीला घातले, आयुष्यात एक हंडा फुकट सांडला नाही. तिला काही नाही, आणि ज्याने वीस वर्षे गवतावर पाणी ओतले त्याला बक्षीस!

पुष्कळ विचाराअंती मला वाटते, 'बक्षीस' या शब्दानेच घोटाळा केला आहे. ते खाते पुण्याची किंमत देत नाही, पाणी विकत घेते. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे पाणी आहे तो विकतो. म्हातारीजवळ विकायला काही उरलेलेच नाही. हा व्यवहार आहे आणि व्यवहार म्हणून तो खोटा नाही. खोटे तेव्हा होते, जेव्हा व्यवहारालाच आपण मान समजू लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियात २०१४-१५ च्या दुष्काळात अशाच सवलतीवर तीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली, गोल्फच्या मैदानवाल्यांच्या पदरातही ती पडली, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात निधी आटला. ते पैसे आले कोठून? सगळ्यांच्या पाणीपट्टीतून! म्हणजे म्हातारीसारखी कोणी तिथे असेल, तर तिच्याही पदरातून. हा मात्र अन्याय म्हटला पाहिजे. तिला बक्षीस नको, पण दुसऱ्याच्या गुळाचा भुर्दंड तिच्यावर का?

आणखी एक. गुळाची चटक लागली की मूल गूळ चाटते आणि काढा थुंकते. नेवाडा राज्याने अखेर २०२१ साली कायदाच केला की, नुसत्या शोभेच्या हिरवळीला २०२६ नंतर नदीचे पाणी द्यायचे नाही. घरगुती अंगणे त्यातून वगळली आहेत. बावीस वर्षे गूळ दिल्यावर शेवटी छडी हाती घ्यावी लागली.

आपलेही फार वेगळे नाही. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ फुटली तरी आम्ही 'सरकार बघेल' म्हणून बसलो. तलावांत बेशरम माजला. नाव ज्याने ठेवले त्याला नमस्कार! अर्जुनी मोरगाव भागात मात्र भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने ढिवर समाजातील बायाबापड्यांनी बेशरम उपटला, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी वाढली. फळ मिळाले, पण ते तलावानेच दिले.

मागल्या महिन्यात पुन्हा त्या गावी जाण्याचा योग आला. म्हातारीला बोलावून हे सगळे, शास्त्राचे ओझे वगळून, सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, पदर सावरला आणि म्हणाली, ''हे समदं बरोबर हाय जी. पर आमच्या बोडीतला बेशरम कोन काढते?''