रायगडावरची सवत आणि सातबाऱ्यावरचं नाव

'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका 24 सप्टेंबर 2017 रोजी झी मराठीवर सुरू झाली आणि 29 फेब्रुवारी 2020 रोजी संपली. अमोल कोल्हे यांचा संभाजी घराघरांत पोचलाच, पण कथा रोज रात्री पुढे रेटणारं पात्र दुसरंच होतं: स्नेहलता वसईकर यांनी उभी केलेली सोयराबाई, संभाजीची सावत्र आई. दालनातल्या येरझारा, दासीने कानाशी आणलेली बातमी, अर्धवट तोडलेलं वाक्य आणि मग जाहिराती. औरंगजेब तेव्हा दूर उत्तरेत होता. रोजचा शत्रू लागतो तो घरातला, आणि तो सोयराबाईंच्या रूपाने हाताशीच होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावासारख्या तालुक्यात ही मालिका पाहणाऱ्या बाईचा रायगडाशी तसा संबंध नाही. हा मुलूख वऱ्हाडातला, नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्या ओढाताणीतला. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात दिवसभर वेचणी करून घरी आलेल्या बाईला सोयराबाई परकी वाटत नाही, याचं श्रेय वाहिन्या भावनिक अभिनयाला देतील. खरं कारण अधिक रोकडं आहे, आणि ते पडद्यावर जवळजवळ येतच नाही.

आधी कागदपत्रं काय सांगतात ते पाहावं. शिवाजी महाराजांच्या राण्या आठ, आणि त्यांची माहेरं म्हणजे त्या काळच्या मराठी सत्तेचा नकाशाच: निंबाळकर, मोहिते, पालकर, गायकवाड, जाधव, शिर्के, विचारे, इंगळे. सईबाई 1659 मध्ये राजगडावर गेल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. सोयराबाईंचे पुत्र राजाराम यांचा जन्म 1670 चा. 6 जून 1674 ला राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून महाराजांशेजारी बसल्या त्या सोयराबाई. 3 एप्रिल 1680 ला महाराज गेले आणि त्याच महिन्यात रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांचं मंचकारोहण झालं. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे हे मंत्री त्यात पुढे होते. हा बेत उधळला कोणी? सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी, म्हणजे सोयराबाईंच्या सख्ख्या भावाने. बहिणीचा मुलगा गादीवर बसत असताना भाऊ सवतीच्या मुलाच्या बाजूने उभा राहतो, तिथे सवतीमत्सराचं सोपं गणित चालत नाही. फौजेचा, मंत्र्यांचा आणि वारसाचा हा हिशेब होता.

संभाजीराजांचं स्वतःचं मतही उपलब्ध आहे. ऑगस्ट 1680 मध्ये बाकरेशास्त्र्यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात ते सावत्र आईला स्फटिकासारख्या निर्मळ मनाची म्हणतात आणि तिचं मन कलुषित केल्याचा ठपका मंत्र्यांवर ठेवतात. दानपत्र हा राजकीय कागद असतो, त्यात समेटाचा सूर मुद्दाम लावलेला असू शकतो. तरीही, राज्य ताब्यात आल्यावर ज्याला सूड घ्यायला सगळी मोकळीक होती, तो माणूस असं लिहून ठेवतो. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची गोष्ट मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने पसरवली. ती बखर घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणारा त्या बाळाजी आवजींचा वंशज, ज्यांना संभाजीराजांनी आपल्याविरुद्धच्या 1681 च्या कटानंतर मृत्युदंड दिला. घराण्याचा राग बखरीत उतरला आणि बखरीतला नाटकांत. वा. सी. बेंद्रे यांनी 1960 मध्ये संभाजीराजांचं साधार चरित्र लिहून त्यांची प्रतिमा बरीच धुतली, पुढे कमल गोखले यांनी तेच काम नेटाने केलं. संभाजीराजे त्या चिखलातून वर आले, सोयराबाई मात्र तिथेच राहिल्या. नायक निर्दोष ठरला की दोष ठेवायला कुणीतरी लागतंच.

मालिकेला अशी बाई का लागते, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे. लढाई दाखवायची तर घोडे, माणसं, उघडं माळरान आणि दिवसचे दिवस. दालन एकदा उभारलं की दोन बायका, एक पडदा आणि एक समई यांवर महिनाभर कथा चालते. सवत नसली तर सासू पुरते. कलर्स मराठीच्या 'स्वामिनी'त माधवराव पेशव्यांची रमाबाई होती, तिला सवत नव्हती, मग तिथे सगळा भार गोपिकाबाईंवर आला. तिसऱ्या पानिपताच्या आसपासच्या पुण्यात राजकारण काय कमी होतं!

सगळ्यांत मोठा अन्याय झाला तो चासच्या जोशांच्या काशीबाईंवर. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या कादंबरीवरून 2015 मध्ये संजय लीला भन्साळींनी 'बाजीराव मस्तानी' काढला आणि काशीबाई-मस्तानींना एकत्र पिंगा घालायला लावलं. त्यावर पुण्यात वाद झाला, पण तो बहुतेक पेशव्यांच्या घरंदाजपणाचा झाला. इतिहासातला पेच वेगळा आहे. मस्तानीला विरोध केला तो बाजीरावांची आई राधाबाई, भाऊ चिमाजीअप्पा आणि तरुण मुलगा नानासाहेब यांनी, आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने. 1739-40 च्या हिवाळ्यात तिला अडकवून ठेवण्यात पुढाकार होता तो दीर आणि सावत्र मुलाचा. 28 एप्रिल 1740 ला रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानीही गेली. मागे राहिलेल्या तिच्या मुलाला, समशेर बहाद्दराला, काशीबाईंनी वाढवलं. तोच पुढे पानिपतावर लढला आणि जखमांनी मेला. सवतीचा मुलगा सांभाळणारी ही बाई मालिकेच्या साच्यात बसत नाही, म्हणून तिला आधी अश्रू आणि मग नाच दिला जातो. प्रेम मस्तानीच्या वाट्याला, मत्सर काशीबाईंच्या, आणि ज्यांनी खरोखर दारं लावली ते पुरुष पार्श्वभूमीला.

येसूबाईंचं तर त्याहून अवघड. प्राजक्ता गायकवाड यांची येसूबाई प्रेक्षकांना आवडली ती संभाजीराजांची सखी म्हणून. ते चूक नाही, 'श्री सखी राज्ञी जयति' ही तिची मुद्राच होती. पण तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा प्रसंग शृंगाराचा नाही. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजीराजे पकडले गेले. पोटचा मुलगा शाहू सात वर्षांचाही नव्हता. त्याला पुढे करून कारभार हाती ठेवायचं तिने ठरवलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. तिने गादीवर बसवलं राजारामांना, म्हणजे ज्या सोयराबाईंशी तिच्या नवऱ्याचा झगडा झाला त्यांच्या मुलाला, आणि त्यांना रायगडाबाहेर निघायला लावलं. स्वतः मुलासह मागे राहिली. त्याच वर्षी रायगड पडला, आणि तिची सुटका झाली 1719 मध्ये. तीस वर्षं मोगलांच्या कैदेत. मराठी रंगभूमीला आणि वाहिन्यांना सवतींच्या घराण्यातलं हे सर्वांत मोठं राजकीय औदार्य हाताशी असूनही त्याची चव अजून नीट लागलेली नाही.

याचा अर्थ सवतींत भांडणं नव्हती असा नाही. होती, आणि त्यांनी राज्यं फोडली. राजारामांच्या मागे हंबीररावांची मुलगी ताराबाई हिने आपला मुलगा शिवाजी याच्या नावाने कारभार हाकला, औरंगजेबाला दक्षिणेत झुंजवलं. 1714 मध्ये तिची सवत, कागलच्या घाटग्यांची राजसबाई, हिच्या पक्षाने कोल्हापुरात उलथापालथ केली, आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासह पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. नवरा मरून चौदा वर्षं झाली होती. मग मत्सर कोणाच्या प्रेमावरून? भांडण गादीचं होतं, आणि दोघी त्यात आपापल्या माहेरची, सरदारांची आणि मुलाची बाजू घेऊन उभ्या होत्या. प्रेक्षकाला हे समजणार नाही असं लेखकांना वाटतं.

समजतं. महागावच्या तहसील कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज घेऊन येणाऱ्या बाईला ते लेखकांपेक्षा चांगलं समजतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं, तरी दुसरी बाई आणि तिची मुलं गावातून नाहीशी झाली नाहीत. तलाठ्याकडे फेरफार टाकताना पहिलीचं नाव, दुसरीच्या मुलांचं नाव, सातबाऱ्यावर कोण चढणार आणि कोण राहणार, यावरून घरं फुटतात. अशा विवाहातल्या मुलांना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही वडिलांच्या हिश्शापुरता हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. महागावच्या बाईला सोयराबाई जवळची वाटते ती यामुळे. दहा वर्षांच्या मुलाचं नाव कागदावर चढावं म्हणून धडपडणारी आई तिने पाहिलेली असते, कदाचित ती स्वतःच तशी असते. मालिका तिला सांगते की ती बाई दुष्ट होती. नवरा, दीर, कारभारी आणि वाटणीचा नियम यांचं काय, ते सांगत नाही.

विदर्भाला तर स्वतःची राणी आहे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांची बायको बाकाबाई. 1816 मध्ये रघुजी गेले. गादीवर आलेला त्यांचा मुलगा परसोजी दुबळा निघाला आणि वर्षभरातच मारला गेला. मग आप्पासाहेब आले, इंग्रजांशी लढले, पदच्युत झाले. 1818 मध्ये रघुजींच्या मुलीचा दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन तिसरा रघुजी म्हणून बसवण्यात आला, त्यामागे बाकाबाई होत्या आणि समोर रेसिडेंट जेंकिन्स. 1853 मध्ये तोही निपुत्रिक गेला, डलहौसीने राज्य खालसा केलं, राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, दागिने कलकत्त्याला गेले. वृद्ध बाकाबाईंनी त्याला कडाडून विरोध केला, पण 1857 मध्ये त्या बंडाच्या विरोधात राहिल्या आणि त्यावरून आजही त्यांना दूषणं दिली जातात. भ्याल्या, की घराण्याच्या तनख्याचा विचार केला, की चाळीसेक वर्षांत तीन सत्तांतरं पाहून आलेला तो शहाणपणा होता? यातल्या प्रत्येक उत्तराला पुरावे शोधता येतील, आणि त्यावर दोनशे भाग सहज होतील. तिच्यासाठी लेखकाला एकही सवत रचावी लागणार नाही. फक्त जेंकिन्सशी मराठीत वाद घालणारी एक म्हातारी लिहिता यायला हवी.