भिंतीवरचे वचन

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर एखादे वचन दिसतेच. कुठे मराठीत, कुठे कानडीत. आता तर सकाळी मोबाईलवरही वचन येते. काळजीच्या दिवसांत या वचनांनी खरोखर धीर येतो, की घटकाभर बरे वाटते इतकेच?

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून गावांत शिरल्या. त्यातून सावरतो न सावरतो तोच २०२० ची टाळेबंदी आली. अशा वेळी पुष्कळांना यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील अकरावे वचन आठवते. देवाच्या मनात आपले हितच आहे, असा त्याचा आशय. पण ते कोणाला लिहिले, हे आपण क्वचितच विचारतो. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पाठविलेल्या पत्रातील ते वाक्य आहे, आणि त्याच्या लगेच आधी सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे! म्हणजे ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना माघारी जाण्याची आशा नव्हती. तरी त्यांनी घरे बांधावी, बागा लावाव्या, त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करावी, असे यिर्मया सांगतो. हनन्या संदेष्टा मात्र दोनच वर्षांत सारे पूर्ववत होईल म्हणत होता. त्याचे बोलणे गोड होते. पण ते खोटे ठरले.

यावरून आम्हांला वाटते की, खरे सांत्वन दुःखाची मुदत कमी करून सांगत नाही. त्या मुदतीत कसे जगावे ते सांगते.

शिवाय खऱ्या वचनालाही वेळकाळ असतो. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तेवढेच त्यांचे सांत्वन. पुढे ते पुष्कळ शहाणपणाचे बोलले. पण त्या बोलांनी त्याच्या जखमेवर मीठच चोळले. पुराचा चिखल उपसणाऱ्या भगिनीला वचन ऐकविण्याआधी आपण हाती फावडे घ्यावे. मग कदाचित वचन तीच आपल्याला ऐकवील.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलांकडून सुवर्णवचन पाठ करून घ्याच; पण ते कोणी, कोणाला, कोणत्या संकटात सांगितले, तेही सांगा. आज पाठ केलेले वचन कदाचित चाळीस वर्षांनी एखाद्या जागरणाच्या रात्री त्यांना आठवेल. त्या वेळी बाबेलातील ती माणसेही त्यांच्या सोबतीला असू द्या.