हा शब्द कोणाचा?

चार वर्षांचें मूल बोलत नाहीं, हांक मारिली तर वळून पाहत नाहीं, आणि डॉक्टरांनीं त्याला स्वमग्नता आहे असें सांगितलें आहे. त्याच्या वतीनें कोणीं बोलावें? घरोघर ह्याचें उत्तर ठरलेलें असतें : आईनें, तिला त्याचें सर्व कळतें. तिला पुष्कळ कळतें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मुलाचें मन जाणणें निराळें आणि त्याच्या नांवानें बोलणें निराळें. हा भेद न राखिल्यानें काय घडतें हें अमेरिकेंत एकदां फार दुःखद रीतीनें दिसून आलें.

१९९० च्या सुमारास सिराक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिक्लेन ह्यांनीं ऑस्ट्रेलियांत पाहिलेली एक रीत तेथें आणिली. न बोलणाऱ्याचा हात मदतनिसानें धरावा व त्यानें यंत्राच्या कळांवर एकेक अक्षर दाबावें, अशी ती रीत. ज्यांनीं जन्मांत शब्द उच्चारिला नव्हता त्यांच्या बोटांखालीं पुरीं वाक्यें उमटूं लागलीं. आपल्या मुलाचें प्रेम प्रथमच अक्षरांत वाचून आईबाप रडले. आम्ही तेथें असतों तर आम्हीही रडलों असतों. पुढें त्याच रीतीनें कित्येक बापांवर घोर अत्याचाराचे आरोप उमटले, व कांहीं कुटुंबांची ताटातूट झाली. तेव्हां लोक परीक्षा करूं लागले. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत बारा जणांना चित्रें दाखविलीं, आणि त्यांच्या मदतनिसांस, न कळवितां, कधीं तेंच चित्र तर कधीं दुसरें. चित्रें निराळीं असतां, न बोलणाऱ्यानें पाहिलेल्या चित्राचें नांव एकदांही उमटलें नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें ह्या रीतीस शास्त्राचा आधार नाहीं असा ठराव केला. मदतनीस लबाड नव्हते, हें ध्यानांत घ्यावें. अक्षरें आपलाच हात निवडीत आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. प्रेमापोटीं हें झालें, म्हणूनच तें आम्हांस अधिक भयंकर वाटतें.

मग साधनेंच नकोत काय? तसें मुळींच नाहीं. १९८५ सालीं डेलावेअर राज्यांत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट ह्यांनीं चित्रांच्या देवघेवीची पद्धत बसविली. मुलानें हव्या त्या वस्तूचें चित्र उचलून समोरच्याच्या हातांत द्यावें, म्हणजे ती वस्तु त्याला मिळते. आरंभीं मागें बसलेला मनुष्य त्याचा हात पुढें करण्यास साह्य करितो. परंतु तो कांहीं बोलत नाहीं, आणि आपलें साह्य हळूहळू काढून घेणें हेंच त्याचें काम. आतां चित्रावर बोट ठेवितांच शब्द उच्चारणारीं यंत्रेंही निघालीं आहेत; चेन्नई येथें अजित नारायणन ह्यांनीं केलेलें ‘आवाज’ त्यांपैकींच.

पाटी दिली तर मूल जिभेचा आळस करील, अशी भीति आईबापांस वाटते. २००६ सालीं, अशीं साधनें वापरणाऱ्या निरनिराळ्या व्यंगांच्या २७ जणांच्या नोंदी तपासून पाहिल्या. त्यांत एकाचेंही बोलणें कमी झालेलें आढळलें नाहीं, व बहुतेकांचें थोडेंफार वाढलें होतें.

आमची भीति निराळी आहे. पाटीवरचीं चित्रें कोण निवडतो? पाणी, जेवण, शौच, झोप : सारीं मोठ्यांच्या सोयीचीं. ‘नको’ हें चित्र बहुधा नसतेंच. जखऱ्या मुका असतां त्यानें पाटी मागविली, ती नातलगांनीं ठरविलेलें नांव बाजूस सारण्यासाठीं, हें वाचकांस ठाऊक आहे. मुलाच्या पाटीवर ‘नको’ हवें, ‘दुखतें’ हवें, ‘थांब’ हवें. आणि ती फडताळावर नव्हे, तर त्याचा हात पोंचेल तेथें असावी. पुठ्ठा, चित्रें व खळ, इतक्यानें ती घरींच होते.

कोणी विचारील, मूल औषधालाही ‘नको’ म्हणेल, तेव्हां काय करावें? औषध द्यावेंच लागेल. परंतु आधीं त्यानें दिलेलें चित्र आपल्या हातांत घ्यावें, आणि त्याच्याकडे पाहून ‘तुला नको आहे, समजलें’ असें म्हणावें, चमचा त्यानंतर.