संघमालकाचे उत्तरदायित्व : वर्णद्वेष, दंड आणि प्रायश्चित्त

अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत संघाचा मालक ही एक वेगळीच सत्ता आहे. खेळाडूला प्रशिक्षक वगळतो, प्रशिक्षकाला व्यवस्थापन घरी पाठवते आणि व्यवस्थापनाला मालक. मालकाच्या वर मात्र कोणी ठळकपणे दिसत नाही. अशा मालकाने वर्णद्वेषी वर्तन केले तर त्याने कोणाला, कशाबद्दल आणि किती उत्तर द्यायचे, हा प्रश्न निव्वळ शिस्तीचा राहत नाही. शब्दात दोष अधिक की कृतीत, खासगीत बोललेल्याची शिक्षा चारचौघांत व्हावी का, एकाच्या दोषात सोबत्यांचा वाटा किती, आणि दंड भरला की दोष फिटतो का, असे नीतिशास्त्रातले जुने प्रश्न त्यात एकत्र येतात.

या मालकीची रचना आधी समजून घ्यावी लागते. बास्केटबॉलची एनबीए, अमेरिकन फुटबॉलची एनएफएल आणि बेसबॉलची एमएलबी या बंदिस्त साखळ्या आहेत. संघ कितीही हरला तरी खालच्या श्रेणीत जात नाही. नवा मालक आत येतो तो जुन्या मालकांच्या मतांनी. दूरचित्रवाणी हक्कांचे राष्ट्रीय उत्पन्न सगळे मालक वाटून घेतात, आणि साखळीचा कारभार पाहणाऱ्या आयुक्ताची नेमणूकही तेच करतात. ज्यांचा न्याय करायचा त्यांनीच न्यायाधीश नेमायचा, असा हा प्रकार आहे. त्यात एनबीएचे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आणि मालक जवळजवळ सगळे गोरे. संघाचा बहुसंख्य हिस्सा हाती असलेला पहिला कृष्णवर्णीय मालक, रॉबर्ट जॉन्सन, या साखळीला एकविसावे शतक उजाडल्यावर मिळाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्णद्वेष हा एखाद्या मालकाचा दुर्गुण नव्हता, तो धंद्याचा रिवाज होता. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही, आणि तसा लेखी नियम करण्याची गरजही कोणाला भासली नाही. बेसबॉलमध्ये १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला. बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेण्यास १९५९ साल उजाडले. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर १९६२ पर्यंत अडून बसले. त्यांना हलवले ते इतर मालकांनी नव्हे. संघाचे नवे स्टेडियम संघराज्य सरकारच्या जमिनीवर होते, आणि केनेडी मंत्रिमंडळातील अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी भेदभाव चालू राहिल्यास ते वापरू देणार नाही, असे बजावले. मालकाने मालकाला जाब विचारण्याची पद्धत तोवर नव्हतीच.

पुढे कायदा आणि लोकमत बदलले, तसा हा द्वेष संघनिवडीतून हटला आणि बोलण्यात उरला. मिनेसोटा ट्विन्सचे मालक कॅल्विन ग्रिफिथ यांनी १९७८ साली वसीका गावातील एका भाषणात, कृष्णवर्णीय वस्ती कमी म्हणून आपण संघ मिनेसोटात आणला, असे सांगून टाकले. त्यांचा पुतळा संघाच्या मैदानाबाहेरून हटला तो २०२० साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी. सिनसिनाटी रेड्सच्या मालकीण मार्ज शॉट यांना वर्णद्वेषी आणि ज्यूद्वेषी उद्गारांबद्दल १९९३ साली एक वर्षासाठी दूर ठेवण्यात आले आणि २५ हजार डॉलर दंड झाला. बेसबॉल संघाच्या मालकाला ही रक्कम जाणवण्याजोगी नव्हती.

या सगळ्या प्रश्नांची गाठ पडते ती डोनाल्ड स्टर्लिंग यांच्या प्रकरणात. स्टर्लिंग हे लॉस एंजेलिसमधील भाड्याच्या घरांचे बडे मालक. १९८१ साली त्यांनी सुमारे सव्वा कोटी डॉलरना क्लिपर्स हा बास्केटबॉल संघ विकत घेतला. एप्रिल २०१४ च्या अखेरीस एका संकेतस्थळाने त्यांच्या आवाजाची ध्वनिफीत बाहेर काढली. तीत ते आपल्या मैत्रिणीला, कृष्णवर्णीयांबरोबरची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकू नकोस आणि त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असे बजावत होते. तिने छायाचित्र टाकले होते ते मॅजिक जॉन्सन यांच्यासोबतचे. लॉस एंजेलिसच्या बास्केटबॉलचे हे सर्वांत लाडके नाव.

२७ एप्रिलला ओकलंड येथे क्लिपर्सचा बाद फेरीतील सामना होता. खेळाडू मैदानाच्या मधोमध जमले, संघाचे नाव असलेले सरावाचे अंगरखे त्यांनी काढून तिथेच टाकले, आणि आतले लाल शर्ट उलटे घालून सराव केला. नाव दिसू द्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग ते सामना खेळले आणि हरले. प्रायोजक एकेक करून बाजूला होऊ लागले. खेळाडूंमध्ये पुढचे सामने न खेळण्याची भाषा सुरू झाली. २९ एप्रिलला आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी निकाल दिला : आजीवन बंदी, २५ लाख डॉलर दंड, आणि संघ विकायला लावण्यासाठी इतर मालकांना आवाहन. एनबीएच्या घटनेनुसार मालकी काढून घ्यायला तीन-चतुर्थांश मालकांची मते लागत, आणि २५ लाख ही दंडाची कमाल मर्यादा होती. ही घटना साखळीने सर्वांसाठी खुली केली तीही याच वेळी. मतदान झालेच नाही. स्टर्लिंग यांच्या पत्नीने कौटुंबिक न्यासाच्या वतीने संघ विकायला काढला, न्यायालयाने तो अधिकार मान्य केला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २ अब्ज डॉलर मोजून संघ घेतला.

यातला पहिला प्रश्न खासगीपणाचा. बोलणे घरातले होते, आणि समोरच्याच्या संमतीवाचून संभाषण ध्वनिमुद्रित करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बंदी आहे. डॅलस मॅव्हरिक्सचे मालक मार्क क्युबन यांनी स्टर्लिंग यांच्या उद्गारांचा निषेध केला. त्याच वेळी घरातल्या बोलण्यावरून मालकी काढून घेऊ लागलो तर त्याला धरबंध राहणार नाही, अशी शंकाही त्यांनी घेतली. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. मनातल्या विचारांवर दंड बसू लागला तर कोणताही समाज निर्दोष ठरणार नाही. मात्र सरकारने शिक्षा करणे वेगळे आणि संघटनेने सभासदत्व काढणे वेगळे. स्टर्लिंग यांना तुरुंगात कोणी टाकले नाही. ज्यांच्या श्रमावर संघ उभा होता त्यांच्या उपस्थितीचाच ज्याला तिटकारा, त्याच्या नावाखाली काम करायला खेळाडू तयार नव्हते, इतकेच घडले. माहिती गैरमार्गाने आली हा ती आणणाऱ्याचा दोष. ऐकलेले न ऐकल्यासारखे करण्याचे बंधन त्यामुळे खेळाडूंवर येत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. स्टर्लिंग यांचे शब्द २०१४ साली ऐकू आले, कृती मात्र बरीच आधी जगजाहीर होती. २००६ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांच्यावर खटला भरला होता. कृष्णवर्णीयांना आणि मुले असलेल्या कुटुंबांना ते घरे भाड्याने देत नाहीत, असा आरोप होता. तो त्यांनी नाकारला, पण २००९ साली २७ लाख २५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. भाड्याच्या घरांतील भेदभावाबाबत न्याय खात्याने तोवर मिळवलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. एनबीएने त्यावर काहीही केले नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीची लॉस एंजेलिस शाखा तर २०१४ च्या मे महिन्यात त्यांना जीवनगौरव पुरस्कार देणार होती. ध्वनिफीत बाहेर आली आणि तो मागे घ्यावा लागला. एनबीएचे माजी खेळाडू करीम अब्दुल-जब्बार यांनी त्याच दिवसांत ‘टाइम’मध्ये लिहून नेमके इथेच बोट ठेवले : घरांचा भेदभाव उघड झाला तेव्हा हा संताप कुठे होता?

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी युद्धोत्तर जर्मनीविषयी १९४६ साली लिहिताना दोषाचे चार प्रकार वेगळे केले. कायदेशीर दोष न्यायालय ठरवते. राजकीय दोष त्या राज्याचा नागरिक म्हणून भोगावा लागतो. नैतिक दोषाचा निवाडा ज्याच्या त्याच्या विवेकापुढे होतो, आणि माणूस म्हणून माणसाशी तुटलेल्या नात्याचा दोष केवळ ईश्वरापुढे. स्टर्लिंग प्रकरण या चौकटीत ठेवले की घोटाळा कुठे झाला ते दिसते. घरे नाकारण्याची बाब कायद्याकडे गेली, पैशात मिटली, आणि कायद्याने मिटली म्हणजे नीतीनेही मिटली असे साखळीने धरले. ध्वनिफितीचे प्रकरण उलट होते. स्टर्लिंग यांच्या बोलण्यात कायद्याचा भंग नव्हता, पण ते सर्वांनी कानांनी ऐकले होते, म्हणून त्याला कमाल शिक्षा झाली. ज्यांना घर मिळाले नाही त्यांचे नुकसान खरे, पण त्याची ध्वनिफीत नव्हती. जे ऐकवत नाही त्याला शिक्षा आणि जे सोसले गेले त्याला तडजोड, असा हा न्याय झाला.

तिसरा प्रश्न सोबत्यांचा. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला. दोष ज्याचा त्याचा असतो. जबाबदारी मात्र सामूहिक असू शकते, कारण ज्या समूहात माणूस असतो त्याच्या कृत्यांचा भार त्याच्याकडेही येतो. धंद्यातील भागीदारी त्यांनी यातून वगळली, कारण तिच्यातून हवे तेव्हा बाहेर पडता येते. ही सवलत संघमालकांना सोडवत नाही, उलट अडकवते. त्यांना बाहेर पडता येत होते, सभा बोलावता येत होती, नियम बदलता येत होते. यातले काहीही न करता त्यांनी तीन दशके स्टर्लिंग यांच्या शेजारी बसून उत्पन्न वाटून घेतले. न टाळता येणाऱ्या नात्यापेक्षा राखून ठेवलेल्या नात्याची जबाबदारी जास्त असते.

चौथा प्रश्न दंडाच्या मापाचा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या बाबतीत दोन विरुद्ध मापे शेजारी शेजारी आहेत. चोरीच्या संदर्भात तिथे म्हटले आहे की सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड, तिथे राजाला हजार असावा. जाणत्याचा दोष मोठा. वाणीच्या अपराधात मात्र माप उलटते. ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर बारा पणांचा दंड, आणि शूद्राने ब्राह्मणाला दिली तर शरीरदंड. विषमतेच्या अशाच नियमांचा निषेध म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले. सत्ता जितकी मोठी तितके उत्तरदायित्व मोठे, हे पहिले माप आजही मान्य होईल. संघमालकांच्या जगात दुसरे चालते. २०२२ साली फिनिक्स सन्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्यावरील चौकशीचा अहवाल आला. चौकशी करणाऱ्यांनी ३२० जणांशी बोलून असा निष्कर्ष काढला की इतरांचे बोलणे सांगताना सार्व्हर यांनी कृष्णवर्णीयांविषयीचा अत्यंत अपमानकारक शब्द किमान पाच वेळा उच्चारला, आणि महिला कर्मचाऱ्यांशी ते अनुचित वागले. मात्र त्यामागे वांशिक वा लिंगाधारित द्वेष असल्याचे आढळले नाही, असेही अहवालात होते. शिक्षा झाली एक वर्षाची बंदी आणि १ कोटी डॉलर दंड. असे वागणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी टिकली असती का, या प्रश्नावर सिल्व्हर यांचे उत्तर असे, की संघाच्या मालकाचे हक्क कर्मचाऱ्यापेक्षा वेगळे असतात. वस्तुस्थिती म्हणून ते खरे होते. नीतीच्या दृष्टीने तोच तर आक्षेप होता.

शेवटचा प्रश्न क्षमेचा. टीका वाढली, एका मोठ्या प्रायोजकाने करार पुढे न चालवण्याचा इशारा दिला, आणि सार्व्हर यांनी संघ विकायला काढला. तसे जाहीर करताना, आपण श्रद्धावान असून प्रायश्चित्तावर आणि क्षमेच्या वाटेवर आपला विश्वास आहे, पण सध्याचे वातावरण क्षमाशील नाही, असे त्यांनी म्हटले. धर्मशास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड बाहेरून येतो. प्रायश्चित्त दोषी माणूस स्वतः अंगावर घेतो, आणि त्यात पश्चात्ताप आणि पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय अपेक्षित असतो. ज्यू आणि ख्रिस्ती परंपराही कबुली आणि भरपाई यांवाचून क्षमा पुरी मानत नाहीत. या कसोटीवर दोन्ही प्रकरणे अपुरी ठरतात. स्टर्लिंग यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि एनबीएवर १ अब्ज डॉलरचा दावाही ठोकला. सव्वा कोटीचा संघ २ अब्जांना गेला, आणि सन्सची किंमत ४ अब्ज डॉलर ठरली. दोषी माणूस बाहेर गेला तो आधीपेक्षा श्रीमंत होऊन. भरलेला दंड भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना द्यायचे ठरले, पण ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याशी हिशेब साखळीने केला नाही.

या साऱ्याचा निवाडा असा करता येईल. स्टर्लिंग यांना घालवणे योग्य होते, पण तेवढ्याने साखळीचे उत्तरदायित्व पुरे झाले नाही. बहुतेक वेळा हालचाल झाली ती सरकारने दटावल्यावर, प्रायोजकांनी पैसा आवरल्यावर किंवा खेळाडूंनी पाठ फिरवल्यावर. आपण होऊन मालकांनी मालकाला क्वचितच विचारले. उत्तरदायित्व खरे मानायचे तर तीन गोष्टी हव्यात : चव्हाट्यावर आलेल्या शब्दांइतकीच सिद्ध झालेल्या कृत्यांची दखल, मालकाला कर्मचाऱ्यापेक्षा कडक नियम, आणि विक्रीच्या नफ्यातून पीडितांना भरपाई. या तिन्हींवाचून झालेली हकालपट्टी ही दोषी माणसापासून साखळीने करून घेतलेली सुटका ठरते. तिला न्याय म्हणता येत नाही.