डोळ्यांनी चालवायची गाडी

खऱ्या शर्यतीच्या गाडीत चालक बसलेला असतो. मागचं चाक सुटू लागलं की ते आधी त्याच्या पाठीला कळतं, मग हातांना, आणि डोळ्यांना सर्वांत शेवटी. रिमोटवरच्या टूरिंग कारचा चालक मात्र ट्रॅकच्या कडेला उंच मंचावर उभा असतो. त्याला ना सीट, ना स्टीअरिंगमधून हाताला जाणवणारा ओढा. गाडीचं काय चाललंय हे त्याला फक्त दिसतं, तेही लांबून. आणि दिसेपर्यंत ते घडून गेलेलं असतं. गाडी निवडायची कशी आणि तिचं सेटअप करायचं कसं, याचा विचार मी इथूनच सुरू करतो.

वेगवान गाडी विकत मिळते. डोळ्यांना वाचता येणारी गाडी घडवावी लागते.

एक-दशांश आकाराची ही गाडी १९० मिलिमीटर रुंद, दीड किलोच्या आत वजनाची, चारही चाकांनी ओढणारी. शर्यत पाच मिनिटांची. पात्रता फेरीत मोजतात ते एवढंच: पाच मिनिटांत किती लॅप झाले, आणि शेवटचा लॅप पुरा व्हायला एकूण किती वेळ लागला. सर्वांत जलद झालेल्या एखाद्या लॅपला तिथे वेगळी किंमत नसते. नव्या माणसाचा जीव मात्र त्याच एका लॅपमध्ये अडकलेला असतो. त्यासाठी तो गाडी धारदार करत नेतो. मग ती एकदा कडेच्या पट्टीवर चढून उलटी होते, आणि मार्शल धावत येऊन तिला सरळ करेपर्यंत जे सेकंद जातात ते पुढच्या लॅपांतून दशांश-दशांशाने वाचवून परत मिळत नाहीत.

कोणती गाडी घ्यावी? आपल्या क्लबात जिचे सुटे भाग शेजारच्या टेबलावर मिळतील, ती. हे उत्तर कोणाला आवडत नाही, कारण विचारणाऱ्याला खरेदीचा उत्साह हवा असतो. पण स्लोव्हाकियाची एक्सरे, जपानची योकोमो, इंग्लंडची शूमाकर यांच्या वरच्या दर्जाच्या चॅसिसमध्ये जितका फरक आहे, त्याहून कितीतरी जास्त फरक त्या चालवणाऱ्या हातांमध्ये असतो. दुसऱ्या फेरीत सस्पेन्शनचा आर्म तुटला आणि तो हॉलमध्ये कोणाकडेच नसला, तर जगातली उत्तम गाडी त्या दिवसापुरती पेटीत जाते.

सुरुवात तामियाच्या टीटी-०२ ने करणाऱ्याला कमी लेखू नये. २०१३ मध्ये आलेली ही गाडी प्लास्टिकच्या चॅसिसची आहे. ताकद पुढून मागे न्यायला तिच्यात बेल्ट नाही, शाफ्ट आहे; गिअर बंद पेटीत असल्यामुळे खडे-माती आत जात नाही. साध्या किटमध्ये प्लास्टिकचे बुश येतात, ते काढून बॉल बेअरिंग घालावेत. पहिला खर्च हाच. तिच्यात बदलता येण्याजोगं फार थोडं आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच तिचा गुण. बदलायला काही नसलं की माणूस चालवायला शिकतो.

मोटरच्या बाबतीतही तेच. तारेचे वेढे जितके कमी, तितका वेग जास्त. १७.५ वेढ्यांच्या वर्गात स्पीड कंट्रोलर शून्य टायमिंगवर, म्हणजे मोटरला जादा वेग न देता, ठेवावा लागतो; त्याचा दिवा लुकलुकताना दिसला की तपासणाऱ्याची खात्री पटते. सगळ्यांची ताकद अशी जवळजवळ सारखी झाली की उरतं ते वळण. वळण शिकायचं तर याच वर्गात. गिअरचं गुणोत्तर ठरवताना शर्यतीनंतर मोटरचं तापमान पाहावं. फार तापली असेल तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक-दोन दात लहान लावावा आणि पुढे जावं. त्यात याहून जास्त वेळ घालवू नये.

आता सेटअप. आधी गाडी सरळ आहे का ते बघा. चॅसिसच्या पुढच्या टोकाखाली बरोबर मधोमध एक पातळ पातं धरून गाडी हळूहळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकाच क्षणी जमीन सोडतात का? एक आधी सुटत असेल तर चॅसिसला पीळ आहे, किंवा दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगचा दाब सारखा नाही, किंवा अँटी-रोल बार कुठेतरी अडतोय. अशी गाडी डुगडुगत्या खुर्चीसारखी: डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरंच. वरच्या डेकचे स्क्रू ढिले करून, चॅसिस सपाट बोर्डावर दाबून ते पुन्हा आवळले की पुष्कळदा पीळ निघतो. आठवडाभर स्प्रिंगा बदलत बसलेल्या माणसाचं खरं दुखणं हे स्क्रू असू शकतात.

मग टायर. बहुतेक स्पर्धांत सगळ्यांना एकच ठरवून दिलेला टायर असतो, म्हणून त्याची निगा हाच काय तो फरक. वापरल्यानंतर त्याची आतली कड जास्त झिजली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला कल, जास्त झालाय. चालकाची आठवण त्याला हवं तेच सांगते. टायरवरची झीज तसं करत नाही.

इंग्लंडमधल्या कितीतरी क्लबांत संध्याकाळी क्रीडा-सभागृहात कार्पेट अंथरतात, पट्ट्या मांडून ट्रॅक आखतात आणि रात्री सगळं गुंडाळून ठेवतात. कार्पेट डांबरासारखं नाही. तिथे पकड कमी पडण्याऐवजी जास्त होते; चाक घसरण्याऐवजी रुतून बसतं आणि गाडी वळणात सरळ उलटते. तेव्हा गाडी खाली घ्यावी, पाच मिलिमीटरच्या आसपास. पुढच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर सुपर ग्लूचा पातळ थर द्यावा, म्हणजे ती कड जमिनीला चावत नाही. पकड कमी करून वेग मिळतो, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. पटल्यावर मात्र तो सेटअपकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला पोर्तुगालच्या ब्रुनो कोएल्योने एक्सरे चालवून टूरिंग कारचं जगज्जेतेपद मिळवलं. अशा चालकांचे सेटअपचे तक्ते कंपन्या छापतात: कुठे कोणती स्प्रिंग, डॅम्परमध्ये कोणतं तेल, कुठे किती मिलिमीटरचा शिम. ते अभ्यासावेत, त्यांतून कोणत्या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत ते कळतं. पण उन्हातल्या डांबरासाठी, आणि क्षणार्धात हात उलटा फिरवणाऱ्या माणसासाठी लिहिलेला तक्ता हॉलमधल्या कार्पेटवर जसाच्या तसा उतरवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. जगज्जेत्याची गाडी टोकावर तोललेली असते. ते टोक त्याला दिसतं. आपल्याला दिसत नाही.

म्हणून माझा कल मऊपणाकडे आहे. मऊ स्प्रिंगची गाडी वळणात कलते, आणि ते कलणं मंचावरून दिसतं. कडक गाडी काही न सांगता सुटते. मागची चाकं तीन अंश आत वळवलेली असली की सरळ रस्त्यावर किंचित वेग जातो, पण वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दाबायला बोट कचरत नाही. बोट न कचरण्याचा फायदा प्रत्येक वळणावर मिळतो. पुढे स्पूल लावला की दोन्ही पुढची चाकं एकत्र फिरतात. ब्रेक मारताना गाडी रेषा सोडत नाही. मागे गिअर डिफरेन्शियल, आत सिलिकॉन तेल: घट्ट तेल चाकांना एकमेकांशी जखडतं, पातळ तेल मोकळं सोडतं. कोणतं बरोबर? ज्याने गाडी पुढच्या वेळीही तशीच वागेल, ते.

एका वेळी एकच बदल. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि दुपारपर्यंत सगळे मोडतात. दोन बदल करून गाडी सुधारली तर काय सुधारलं ते कळत नाही. बिघडली तर काय परत घ्यायचं ते कळत नाही. वहीत लिहावं, तापमानासकट, कारण सकाळचं डांबर आणि दुपारचं डांबर हे दोन वेगळे ट्रॅक आहेत.

बॉडी शेल पॉलिकार्बोनेटचं, रंग आतून मारायचा. ते काही मिलिमीटर पुढे बसवलं की पुढच्या चाकांवर हवेचा दाब वाढतो आणि गाडी जास्त वळते. पण रंगाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, ते मी बोलतो. गाडी आपल्याकडे येते तेव्हा तिची डावी-उजवी आपल्या उलट होते. दहा गाड्यांच्या घोळक्यात आपली गाडी आणि तिचं तोंड क्षणात ओळखू यायला हवं. पुढे एक भडक रंग, मागे त्याच्या अगदी विरुद्ध. जवळून देखणं दिसणारं बारीक नक्षीकाम मंचावरून राखाडी दिसतं. रंग हासुद्धा सेटअपच.

ट्रान्समीटरवर स्टीअरिंगचा कोन कमी करून पाहावा. दोन्हीकडे वळणाचं वर्तुळ सारखं होतं का, हे मोकळ्या जागेत तपासावं. गाडी चुकते असं वाटतं तेव्हा पुष्कळदा हात गरजेपेक्षा जास्त मागत असतो.

आणि शर्यत संपली की जाऊन मार्शल म्हणून उभं राहायचं. आत्ता धावलेल्यांनी पुढच्या गटाच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा क्लबांचा रिवाज आहे. पुष्कळजण हे ओझं समजून करतात. मला ती सर्वांत चांगली जागा वाटते. मंचावरून न दिसणारं वळणाच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवरून दिसतं: आतलं पुढचं चाक कुठे उचललं जातं, कोणाची गाडी पट्टीला टेकल्यावर दोनदा उसळते आणि कोणाची एकदाच, ब्रेक सुटल्यावर नाक किती वेगाने वर येतं. आपल्याच चॅसिसची दुसऱ्याची गाडी समोरून जात असेल तर तिच्यावर नजर ठेवावी. तिचं आतलं चाक जमिनीवर टिकत असेल आणि आपलं टिकत नसेल, तर पुढच्या फेरीआधी तिच्या मालकाकडे जाऊन ड्रूप, म्हणजे सस्पेन्शन खाली किती लोंबू शकतं ते, किती ठेवलाय हे विचारावं. बहुतेक लोक सांगतात, आणि मोजपट्टी काढून मोजूनही देतात.